पाय ड्रायव्हरचा, हिशोब सॉफ्टवेअरचा

फॉर्म्युला वन शर्यतींच्या बहरीनमधल्या साखिर सर्किटवरचं बारावं वळण उजवीकडचं आणि भरधाव घ्यायचं आहे. अनेक वर्षं ते ड्रायव्हरच्या धीटपणाची आणि गाडीच्या डाउनफोर्सची, म्हणजे हवेने गाडी रस्त्यावर दाबून धरण्याच्या ताकदीची, परीक्षा घेत आलं. ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता तिथून निघता यावं म्हणून मोठे पंख लावायचे, की पंख बारीक ठेवून सरळ पट्ट्यावर वेग कमवायचा, यावर संघांमध्ये काथ्याकूट चाले. फेब्रुवारी २०२६ च्या चाचणीत ड्रायव्हर फर्नांडो अलोन्सोने सांगितलं की नव्या नियमांत तिथून ताशी साधारण ५० किलोमीटरने सावकाश जावं लागतं, कारण त्या वळणात वीज उधळणं परवडत नाही. आणि त्या वेगाने तर संघाचा आचारीसुद्धा गाडी काढेल, असंही तो म्हणाला. त्याच चाचणीत दुसरा ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टापेनने नव्या गाड्यांना स्टेरॉइड घेतलेली फॉर्म्युला ई (फक्त विजेवर चालणाऱ्या गाड्यांची स्पर्धा) म्हटलं. गाडी मनासारखी नसली की ड्रायव्हरला नियमही वाईट दिसतात, हे या खेळात जुनंच आहे. पण आचाऱ्याचा टोला चिडचिड म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यामागचं गणित कागदावर मांडता येतं.

२०१४ ते २०२५ या काळातल्या फॉर्म्युला वन गाडीत १२० किलोवॉटची इलेक्ट्रिक मोटर होती. बॅटरीतून तिला एका लॅपमध्ये ४ मेगाजूल घेता येत, म्हणजे पूर्ण ताकदीने ३३ सेकंद. शिवाय टर्बोच्या दांड्यावर एमजीयू-एच नावाचं दुसरं जनित्र होतं. वाया जाणाऱ्या एग्झॉस्टमधून ते वीज काढायचं आणि मोटरला थेट द्यायचं, त्यावर मर्यादा नव्हती. त्यामुळे विजेची टंचाई ड्रायव्हरला फारशी जाणवत नसे. २०२६ मध्ये एमजीयू-एच गेलं, कारण ते महाग होतं आणि रस्त्यावरच्या गाड्यांना त्याचा उपयोग नव्हता. मोटर ३५० किलोवॉटची झाली आणि इंजिन साधारण ४०० किलोवॉटवर आलं. इंधनही आता किलोंऐवजी ऊर्जेत मोजतात: ताशी ३,००० मेगाजूलपेक्षा जास्त नाही. बॅटरीत एका लॅपमध्ये सर्वसाधारणपणे ८.५ मेगाजूल भरता येतात, काही सर्किटांवर त्याहून कमी. आणि बॅटरीची सर्वांत भरलेली व सर्वांत रिकामी स्थिती यांत कधीही ४ मेगाजूलपेक्षा जास्त फरक पडता कामा नये.

भागाकार केला की गोम कळते. ८.५ मेगाजूल भागिले ३५० किलोवॉट म्हणजे २४ सेकंद. दीड मिनिटाच्या लॅपमध्ये ड्रायव्हरचा उजवा पाय पन्नासेक सेकंद तरी पूर्ण दाबलेला असतो. म्हणजे मोटर पूर्ण ताकदीने वापरायची तर निम्मा वेळ तिच्याविना काढायचा. आणि ४ मेगाजूल म्हणजे सलग साडेअकरा सेकंद. अझरबैजानमधल्या बाकू सर्किटचा लांबलचक शेवटचा पट्टा एवढ्यात संपत नाही.

आता जमेची बाजू. ८५० किलोची गाडी ताशी ३२० वरून ८० वर आली की सुमारे ३ मेगाजूल गतिज ऊर्जा कमी होते. ऐकायला भरघोस वाटतं, पण असा ब्रेक जेमतेम दोन सेकंदांचा असतो आणि मोटर त्या वेळात ३५० किलोवॉटनेच भरू शकते. हाती लागतात ०.७ मेगाजूल. बाकीची ऊर्जा हवेत आणि ब्रेकच्या कार्बन चकत्यांच्या उष्णतेत जाते. ८.५ मेगाजूलसाठी २४ सेकंद भरणी हवी, पण बहुतेक सर्किटांवर एका लॅपमध्ये ब्रेकवर जाणारा एकूण वेळ त्याहून बराच कमी असतो. तूट भरून काढायचे दोन मार्ग उरतात. एक, वळणाच्या शंभरेक मीटर आधीच पाय उचलून गाडी नुसती घरंगळू द्यायची. दुसरा त्याहून चमत्कारिक: पाय पूर्ण दाबलेला असताना, सरळ पट्ट्याच्या शेवटी, इंजिनाची ताकद चाकांऐवजी बॅटरीकडे वळवायची. याला सुपर क्लिपिंग म्हणतात. ड्रायव्हर पूर्ण ॲक्सिलरेटर देतो आहे, इंजिन ओरडतं आहे आणि वेगाचा काटा खाली येतो आहे.

कौशल्याचा प्रश्न इथे सुरू होतो. भरणी ३५० किलोवॉटवर अडत असेल, तर किती वीज मिळेल हे ब्रेक किती जोरात मारला यावर ठरत नाही, किती वेळ मारला यावर ठरतं. उशिरा ब्रेक मारून ०.३ सेकंद वाचवणाऱ्याने सुमारे ०.१ मेगाजूल गमावले, म्हणजे पुढच्या पट्ट्यावरचा ०.३ सेकंदांचा बूस्ट, म्हणजे मोटरचा जादा जोर, गमावला. लवकर, हलका आणि लांब ब्रेक मारणाऱ्याला त्याचा मोबदला मिळतो. उशिरा ब्रेक मारून गाडी तरीही वळणाच्या टोकावर बसवणं हे शंभर वर्षं या खेळातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत नेत्रदीपक काम मानलं गेलं आहे. नियमाने त्यावर कर बसवला.

वेगवान वळणांत तर कौशल्य वापरायची वेळच येत नाही. ३५० किलोवॉटची मोटर ताशी १५० ला साधारण ८,४०० न्यूटनचा रेटा देते, २९० ला तो ४,३०० वर येतो. म्हणून वीज खर्चायची सर्वांत चांगली जागा म्हणजे संथ वळणातून बाहेर पडल्यावर, पुढे लांब पट्टा असताना: रेटा जास्त आणि कमावलेला वेग बराच काळ टिकतो. ज्या वेगवान वळणापुढे लगेच ब्रेक आहे तिथली वीज दोन सेकंदांत मातीमोल होते. मग सॉफ्टवेअर तिथे मोटर बंद ठेवतं किंवा उलट भरणी करतं. गाडीचा वेग तिथे टायरच्या पकडीवर ठरत नाही, उरलेल्या ताकदीवर ठरतो. पकडीच्या सीमेपर्यंत गाडी पोचतच नसेल तर त्या सीमेवर कोण चांगला नाचतो हे कळणार कसं? आचाऱ्याचा मुद्दा एवढाच आहे, आणि तो बरोबर आहे.

याला एक नेहमीचं उत्तर आहे: काटकसर हेही कौशल्यच. अंथरूण पाहून पाय पसरणारा ड्रायव्हर नेहमीच मोठा मानला गेला. ते खरं आहे, आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा १९८६ चा आहे. त्या वर्षी शर्यतीला १९५ लिटर पेट्रोल मिळायचं, मध्ये भरायची परवानगी नव्हती. टर्बोचा दाब वाढवायचा-घटवायचा खटका ड्रायव्हरच्या हाताशी असे. जर्मनीतल्या हॉकेनहाइमला शेवटच्या लॅपमध्ये ड्रायव्हर ॲलन प्रोस्टचं पेट्रोल संपलं आणि तो उतरून गाडी ढकलू लागला. त्याच हंगामाच्या शेवटी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला त्याच्या गाडीतला संगणक इंधन पुरणार नाही असं दाखवत होता. तो चुकतो आहे असं धरून प्रोस्ट धावत राहिला, शर्यत जिंकला आणि विश्वविजेताही झाला. तेव्हाच्या इंजिनांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नव्हतं असं नाही, प्रोस्टच्या इंजिनाला बॉशची प्रणाली होती. पण आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, खटका किती फिरवायचा आणि कोणत्या लॅपला, हा निर्णय त्याचा होता.

इंडीकार या अमेरिकेतल्या स्पर्धेत स्कॉट डिक्सन हेच आजही करतो. २०२४ च्या लाँग बीचला ८५ लॅपची शर्यत त्याने पेट्रोल वाचवत जिंकली, मागे जास्त पेट्रोल जाळायची मुभा असलेले वेगवान प्रतिस्पर्धी असताना. किती आधी पाय उचलायचा, कोणत्या वळणात वरच्या गिअरवर जायचं, पुढच्या गाडीच्या सावलीत कधी राहायचं, हे सगळं पायाने आणि डोळ्यांनी. ॲव्हरेज काढणं ही कला आहे यात शंका नाही, आपल्याकडचा कुठलाही ट्रकवाला हे सांगेल.

मग १९८६ चं रेशन कौशल्य वाढवतं आणि २०२६ चं कमी करतं, हे कसं? रेशन कशावर आहे यात फरक आहे. प्रोस्टला शर्यतीचं एकूण माप दिलं होतं, आत काय करायचं ते त्याने पाहावं. आजच्या ड्रायव्हरला मापाच्या आत आणखी मापं आहेत: लॅपमागे किती भरायचं, बॅटरी किती वरखाली होऊ द्यायची, आणि कोणत्या वेगाला मोटरने किती ताकद द्यायची. हे शेवटचं सूत्र नियमातच छापलेलं आहे. ताशी २९० पर्यंत ३५० किलोवॉट, पुढे प्रत्येक किलोमीटरमागे ५ किलोवॉट कमी, म्हणजे ३२० ला २०० आणि ३४० ला १००. तिथून उतार आणखी तीव्र होतो आणि ३४५ ला शून्य. इतक्या कुंपणांत सर्वांत जलद लॅप शोधणं हे चांगल्या संगणकाला साजेसं कोडं आहे. ते आठवडाभर आधी कारखान्यात सिम्युलेटरवर सुटतं, लॅपमधल्या अंतरानुसार विजेच्या वाटपाचा नकाशा बनतो आणि गाडीत भरला जातो. ड्रायव्हर त्याची अंमलबजावणी करतो.

अंमलबजावणी सोपी आहे असंही कोणी समजू नये. मागच्या चाकांना थांबवायचं बरंचसं काम आता मोटर करते. बॅटरी भरली किंवा भरणीची मर्यादा संपली की तो भार त्याच क्षणी हायड्रॉलिक ब्रेककडे जातो. ही देवाणघेवाण नीट जुळली नाही तर मागचं चाक जाम होतं आणि गाडी फिरते. पाचगणीहून बॅटरी शंभर टक्के करून पसरणी घाट उतरणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीवाल्याला याचा सौम्य अनुभव येतो: बॅटरीत जागा नसल्यामुळे पाय उचलला तरी गाडी नेहमीसारखी धरत नाही. तेच ताशी ३०० ला झालं तर काय, याची कल्पना करावी. शर्यतीच्या सुरुवातीचंही तसंच. एमजीयू-एच नसल्याने टर्बो फिरता ठेवायला इंजिन बराच वेळ वरच्या आरपीएमवर धरावं लागतं, आणि ताशी ५० पर्यंत मोटरची मदत घ्यायची परवानगी नाही. क्लच चुकला की गाडी जागीच बुडते. या दोन्ही गोष्टींत ड्रायव्हरचा कस लागतो आणि माझ्या मते ते चांगलंच आहे. तक्रार आहे ती लॅपच्या मधल्या भागाबद्दल.

तिथे नकाशाप्रमाणे चालवणाऱ्याला बक्षीस आहे आणि नकाशाबाहेर जाणाऱ्याला दंड. वळणातून निघताना मागचं चाक घसरलं, ड्रायव्हरने क्षणभर पाय उचलून गाडी सावरली, तर पूर्वी ती वाहवा घेण्याची गोष्ट होती. आता त्या क्षणभराच्या उचलण्याने वाटपाचा क्रम हलू शकतो आणि पुढच्या पट्ट्यावर वीज आधीच संपते किंवा उशिरा मिळते. गाडी सावरल्याचं श्रेय मिळण्याऐवजी त्याचा हिशोब बिघडतो.

बटणं लक्षात ठेवणं म्हणजे कौशल्य नव्हे, हे खेळाने दहा वर्षांपूर्वी एकदा शिकून घेतलं आहे. २०१६ मध्ये पिटमधून, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघाच्या जागेतून, रेडिओवर मदत करायला बंदी घातली होती, ड्रायव्हरने एकट्याने गाडी चालवावी म्हणून. हेतू चांगला. बाकूला लुईस हॅमिल्टनची गाडी चुकीच्या इंजिन-सेटिंगमध्ये अडकली. इंजिनिअरला उपाय माहीत होता, सांगायची परवानगी नव्हती. ताशी ३०० च्या आसपास स्टिअरिंगवरची एकेक खुंटी फिरवत तो उत्तर शोधत बसला. कोणाच्याही गाडी चालवण्याचा कस त्यातून लागला नाही. त्याच मोसमात जुलैअखेर जर्मनीला बंदी उठली. रोग यंत्रणेच्या गुंतागुंतीत होता, औषध रेडिओला दिलं होतं.

फॉर्म्युला ईकडे पाहताना नाक मुरडायची फॅशन आहे, व्हर्स्टापेनचा टोमणाही त्यातलाच. मुंबईच्या महिंद्राचा संघ या स्पर्धेत पहिल्या मोसमापासून आहे, मुंबईच्या जेहान दारूवालाने तिथे एक मोसम चालवला, त्यामुळे आपल्याला तरी ती परकी नसावी. ऊर्जेच्या नियमांची खरी प्रयोगशाळा तीच आहे. गंमत म्हणजे तिथला मूळ नियम १९८६ च्या जवळचा आहे: शर्यतीला एकूण अमुक किलोवॉट-तास, सगळ्यांना सारखे. ड्रायव्हर पडद्यावरचा टक्का पाहतो, रेडिओवर वाचून सांगतो आणि पाय किती आधी उचलायचा ते ठरवतो. त्यातून डावपेच जन्मतात. २०२३ च्या पोर्टलंडला पुढे राहणाऱ्याला हवेचा सगळा मार आणि सगळा खर्च पडत होता, त्यामुळे कोणालाच पुढे जायचं नव्हतं. सायकलस्वारांच्या झुंडीसारखी शर्यत झाली आणि चारशेहून अधिक ओव्हरटेक मोजले गेले. निक कॅसिडीने ती जिंकली. बघायला मजा आली, पण त्या चारशेतले किती ओव्हरटेक पुढच्याने हसत दिलेले होते? माप मोकळं सोडलं की कौशल्याला जागा मिळते हे पोर्टलंडने दाखवलं, आणि माप फार तोकडं केलं की त्या कौशल्याला विचित्र वळण लागतं हेही.

त्याच्या दोन वर्षं आधी, २४ एप्रिल २०२१ ला व्हॅलेन्सियात, माप शर्यत चालू असताना बदललं तर काय होतं ते दिसलं होतं. अपघात झाला की सगळ्यांना संथ रांगेत नेणाऱ्या सेफ्टी कारमागे चालताना वीज वाचते, म्हणून तशा प्रत्येक मिनिटामागे १ किलोवॉट-तास प्रत्येकाच्या खात्यातून वजा करायचा नियम होता. सेफ्टी कार पुन्हा पुन्हा आली, वजावट वाढत गेली. शेवटी पुढे असलेल्या अंतोनियो फेलिक्स द कोश्टाने वेळ संपायच्या काही सेकंद आधी रेषा ओलांडली आणि सगळ्यांना आणखी एक पूर्ण लॅप पदरात आला, ज्याच्यासाठी बहुतेकांकडे वीज उरलीच नव्हती. गाड्या एकापाठोपाठ एक गोगलगाईसारख्या झाल्या. ज्याने हिशोब वेगळा धरला होता तो निक डी व्रीस जिंकला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. तरीही एक म्हणावंसं वाटतं: तिथे चूक आणि शहाणपण दोन्ही माणसांचं होतं, संघाचं आणि ड्रायव्हरचं.

आपल्याला अधिक जवळचा दाखला २००९ चा आहे. त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये केईआरएस, म्हणजे ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा साठवून परत वापरणारी यंत्रणा, पहिल्यांदा आलं: ६० किलोवॉट, लॅपमागे ४०० किलोजूल, म्हणजे साडेसहा सेकंदांचा बूस्ट, ड्रायव्हरच्या बोटाखालच्या बटणावर. बेल्जियमच्या स्पा सर्किटवर फोर्स इंडिया या भारतीय संघाचा जियानकार्लो फिसिकेला पोल पोझिशनवर, म्हणजे सुरुवातीला सर्वांत पुढे, होता. त्याच्या गाडीत केईआरएस नव्हतं. सुरुवातीलाच आलेल्या सेफ्टी कारनंतर शर्यत पुन्हा सुरू झाली आणि चढावरच्या केमेल पट्ट्यावर किमी रायकोनेनने फेरारीचं बटण दाबून त्याला मागे टाकलं. नंतर पूर्ण शर्यत फिसिकेला त्याच्या मागे चिकटून राहिला आणि सेकंदाहून कमी फरकाने दुसरा आला. फोर्स इंडियाचं पहिलं पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतलं स्थान, हळहळ लावून गेलं. एकाकडे बटण आणि दुसऱ्याकडे नाही, हा अन्याय होताच. पण बटण कधी दाबायचं हे रायकोनेनने ठरवलं, आणि प्रेक्षकाला ते समजलं. आजचं बूस्ट कोणी ठरवलं हे घरी बसलेल्याला तर सोडाच, कधी कधी ड्रायव्हरलाही नंतर आलेख पाहून कळतं.

नव्या नियमांत ओव्हरटेकसाठी वेगळी सोय आहे. पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असलेल्याला ताशी ३३७ पर्यंत पूर्ण ताकद आणि अर्धा मेगाजूल जादा. अर्धा मेगाजूल म्हणजे जेमतेम दीड सेकंद. खरा फरक त्याने पडत नाही, तो बॅटरीतल्या शिलकीने पडतो. एका गाडीत ७५० किलोवॉट आणि दुसरीची वीज संपल्याने ४०० च्या आसपास, अशा दोन गाड्या एका पट्ट्यावर आल्या तर ओव्हरटेक होणारच, त्यात कौशल्य कसलं? मागच्याने पुढच्याच्या वेगाचा अंदाज चुकवला तर मात्र अपघात होतो.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. अर्धी ताकद विजेची, हे आश्वासन होतं म्हणून ऑडी आली, होंडा परतली, फोर्ड रेड बुलबरोबर उभी राहिली. मोटर काढून टाका ही मागणी म्हणूनच वेळ घालवणारी आहे. पण ३५० हा आकडा वेदवाक्य नाही. शर्यतीत मोटरची ताकद २०० किलोवॉटवर आणावी अशी चर्चा २०२५ मध्ये झालीही होती. त्यातलं गणित साधं आहे: तेच ८.५ मेगाजूल २०० किलोवॉटने वापरले तर २४ ऐवजी ४२ सेकंद पुरतात, म्हणजे पाय दाबलेला असतानाचा बराचसा वेळ झाकला जातो. पट्ट्याच्या मध्यावर ताकद कोसळत नाही, दोन गाड्यांतला फरकही आटोक्यात राहतो. भरणी मात्र ३५० नेच होऊ द्यावी. गाडी थोडी मंद होईल, लॅपला सेकंदभर जास्त लागेल. टीव्हीवर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

शर्यतीच्या सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या क्वालिफायिंगला वेगळा न्याय हवा. एकच लॅप, पुढे-मागे कोणी नाही, तिथे बचतीचं नाटक कशाला? बॅटरी भरून द्यावी, वापराची लॅपमर्यादा अशी बेताची ठेवावी की पूर्ण ॲक्सिलरेटरवर भरणी करायची गरजच उरू नये, आणि तशी भरणी त्या सत्रात बंदच करावी. मग बाराव्या वळणात पाय उचलणाऱ्याने तो फक्त पकड संपली म्हणून उचलला असेल.

शर्यतीसाठी उलट करावं. लॅपमागचं माप काढून एकूण माप द्यावं, आणि अंतरानुसार आपोआप चालणारा वाटपाचा नकाशा बंद करून स्टिअरिंगच्या मागे एक पट्टी द्यावी: दाबली की वीज, सोडली की नाही. चोवीस वळणं, २२ गाड्यांची गर्दी आणि वर ही पट्टी, हे फार होईल असं इंजिनिअर म्हणतील. २००९ मध्ये ड्रायव्हर बटण दाबत होतेच, आणि तेव्हा शर्यतीच्या मध्ये पेट्रोलही भरलं जात होतं. काहींची वीज शेवटच्या लॅपला संपेल आणि ते रांगत येतील. हॉकेनहाइमला प्रोस्टही गाडी ढकलतच होता.